चेरीची दोन झाडं आणि 47 पृथ्व्या

दोनशे! होय, दोनशे. खरं तर त्याहून थोड्या जास्तच. आणि दोनशे फळं नव्हेत, एकाच फळाच्या दोनशे जाती. फळ कोणतं, तर चेरी. आणि या जातींचे गट पाडणारा, एकेकीचं वर्णन लिहून ठेवणारा माणूस एकच!

ख्रिस्टियान ट्रुखसेस फॉन वेट्झहाउसेन हे त्याचं नाव. जर्मनीतल्या फ्रांकोनिया प्रांतातला सरदार. 1755 चा जन्म, 1826 साली मृत्यू. आपल्याकडे पानिपत झालं तेव्हा तो पाच-सहा वर्षांचा होता. त्याचा चेरींवरचा मोठा ग्रंथ 1819 साली निघाला, म्हणजे पेशवाई संपली त्याच्या पुढच्याच वर्षी. ग्रंथाचं संपादन केलं फ्रीड्रिख टिमोथेउस हाइम या पाद्र्यानं आणि तो छापला श्टुटगार्टच्या कोटा प्रकाशनानं. हेच कोटा गटे आणि शिलर यांचे प्रकाशक! ज्या घराण्यानं जर्मन भाषेतलं सर्वोत्तम साहित्य छापलं, त्याच घराण्यानं चेरीच्या जाती छापल्या. मान पाहा त्या फळाचा!

तरुणपणी हा सरदार हेसन-कासलच्या सैन्यात होता. ती नोकरी सोडून तो हासबेर्गे टेकड्यांमधल्या बेटेनबुर्ग या आपल्या गढीवर परतला. 1789 च्या सुमारास त्यानं गढीभोवती मोठी बाग उभी करायला घेतली. तिकडे पॅरिसमध्ये राज्यक्रांती पेटली होती आणि इकडे एक सरदार झाडं लावत होता. 1789 ते 1819. तीस वर्षं. तीस वर्षांत दोनशे जाती म्हणजे वर्षाला जेमतेम सात. वाटेल, यात काय एवढं?

थांबा. आता हिशोब करू.

चेरी काही बारा महिने झाडावर नसते. जर्मनीत तिचा हंगाम साधारण जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या अखेरीपर्यंत. साठ दिवस धरू. जर्मन बागायतदार आजही चेरीची जात लवकरची की उशिराची हे ‘चेरी-आठवड्यां’त सांगतात, इतका हा हंगाम आखडता. उरलेले तीनशे पाच दिवस झाडावर बघायला फळच नाही! तीस वर्षं गुणिले साठ दिवस, म्हणजे अठराशे दिवस. पाच वर्षंसुद्धा भरत नाहीत. माणूस जगला साधारण साडेपंचवीस हजार दिवस आणि ज्या कामासाठी त्याचं नाव राहिलं, त्या कामाला निसर्गानं दिवस दिले अठराशे.

आणखी जवळ जाऊ. एक जात झाडावर नेमकी पिकलेली, ना कच्ची ना ओघळलेली, अशी सापडते ती दहाएक दिवस. दोनशे जाती, प्रत्येकीचे दहा दिवस, झाले दोन हजार. ते सगळे कोंबायचे साठ दिवसांत. म्हणजे हंगामातल्या कोणत्याही सकाळी सरासरी तेहेतीस जाती एकाच वेळी ‘आज मला बघा’ म्हणत उभ्या! एकेकीला फक्त पंधरा मिनिटं द्यायची. फळ तोडायचं, आकार बघायचा, देठ मोजायचा, साल सोलायची, रस काढायचा, चाखायचं, बी धुऊन न्याहाळायची, लिहून ठेवायचं. तेहेतीस गुणिले पंधरा, म्हणजे सव्वाआठ तास. रोजचे! मध्ये रविवार नाही. फ्रिज नाही, की आजची चेरी उद्या बघू. कॅमेरा नाही, की फोटो काढून ठेवू. जे आज निसटलं ते थेट पुढच्या जूनमध्ये.

आणि चाखण्याचं काय? एका जातीच्या रोज पाच चेरी धरा. तेहेतीस पंचे एकशे पासष्ट. साठ दिवसांत जवळजवळ दहा हजार. तीस वर्षांत तीन लाख! एक चेरी पाच ग्रॅमची धरली तर दीड टन. दोन छोटे हत्ती टेम्पो भरतील इतकी चेरी, तीही एकेक करून, जिभेवर घोळवून, नोंद करून.

बरं, हे साठ दिवस तरी दरवर्षी हमखास मिळत होते का? नाही! एप्रिल 1815 मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्यानं आकाशात उधळलेली राख आणि दगड किती होते माहीत आहे? सुमारे 150 घन किलोमीटर. आपलं कोयना धरण काठोकाठ भरलं तर त्यात मावतं सुमारे 3 घन किलोमीटर पाणी. म्हणजे एका फटक्यात पन्नास कोयना धरणं भरतील एवढा माल आभाळात! त्याच्यासोबत वर गेलेल्या गंधकवायूच्या सूक्ष्म कणांचा पडदा सूर्यावर आला आणि 1816 साली युरोपात उन्हाळाच आला नाही. थंडी, पाऊस, बुडालेली पिकं, दक्षिण जर्मनीत भूक. त्या एका वर्षानं शेतकऱ्यांचं धान्य नेलं आणि फळं अभ्यासणाऱ्यांचा हंगामही नेला. ट्रुखसेसचा ग्रंथ आला तो त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी.

आता एका झाडाखाली उभे राहू. नुसत्या एका. चांगलं वाढलेलं चेरीचं झाड चांगल्या वर्षी पन्नास किलो फळ देतं. पाच ग्रॅमची एक, म्हणजे झाडावर दहा हजार चेरी! प्रत्येक जातीचं एकेकच झाड धरलं तरी दोनशे झाडांवर वीस लाख चेरी. एक चेरी दोन सेंटिमीटर रुंद. एकीला एक चिकटवून ओळीनं मांडा. सीएसएमटीच्या फलाटावरून सुरुवात करा. दादर गेलं, कुर्ला गेलं, घाटकोपर, मुलुंड गेलं, ठाणंही मागे पडलं, तरी चेरी संपत नाहीत. चाळीस किलोमीटर! थेट मुंब्र्यापर्यंत. आणि ही एका माणसाच्या बागेची एका हंगामातली बेरीज.

झाडावरची फळं मोजायची ही हौस आपल्याला नवी नाही, आणि तिचा धागा पुन्हा बेटेनबुर्गलाच पोचतो. बेटेनबुर्गच्या गढीवर लेखक-कवींचा राबता असे. झां पाउल तिथे येऊन गेले. जवळच्याच श्वाइनफुर्टमध्ये 1788 साली जन्मलेला कवी फ्रीड्रिख रुकर्ट तर तिथला नेहमीचा पाहुणा. रुकर्टच्या नावावर किती भाषा सांगतात? 44! त्यातली एक संस्कृत. याच रुकर्टनं 1828 साली नल-दमयंतीची कथा जर्मन वाचकांना दिली. आणि महाभारतातल्या त्या कथेत काय आहे आठवा. ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाकडे नुसती नजर टाकतो आणि सांगतो की याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आहेत आणि 2095 फळं! त्याचा सारथी झालेल्या नलाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवतो, झाड पाडतो, फळं मोजतो आणि आकडा तंतोतंत जुळतो. फ्रांकोनियातल्या चेरी मोजणाऱ्याच्या घरी जेवलेला कवी, आणि त्यानंच जर्मनमध्ये सांगितलेली झाडावरची फळं मोजणाऱ्या राजाची गोष्ट! ऋतुपर्णानं दोन हजार पंचाण्णव फळं एका नजरेत मोजली. चेरीचं एक झाड त्याच्यापुढे दहा हजारांचं आव्हान ठेवतं.

पण ट्रुखसेसचा खरा पराक्रम मोजण्यात नाही, वेगळं करण्यात आहे. दोनशे जाती, सगळ्या लाल, काळ्या, पिवळ्या आणि गोल. ओळखायच्या कशा? त्यानं साधे प्रश्न एकापुढे एक लावले. झाड गोड चेरीचं की आंबट? फळ दाबलं की बोटं रंगवणारा रस येतो की पाण्यासारखा? गर मऊ की दाताखाली कुरकुरणारा? साल एका रंगाची, दुरंगी की पिवळी? गोड चेरीत काळी, दुरंगी आणि पिवळी असे तीन रंग, प्रत्येकात मऊ आणि टणक, झाले सहा वर्ग. आंबट चेरीत रस रंगीत की बिनरंगी आणि झाडाची ठेवण कशी, यावरून आणखी चार. कुठेच न बसणाऱ्यांना स्वतंत्र जागा. एवढ्या प्रश्नांत दोनशेची गर्दी वीस-वीसच्या आतबाहेरच्या टोळ्यांत वाटली गेली! प्रश्नांची ताकद बघा. तीन-तीन उत्तरांचे दहाच प्रश्न विचारले तर किती वेगवेगळ्या चेरी ओळखता येतील? 59,049. दहा प्रश्नांत एकोणसाठ हजार! मऊ गराची आणि टणक गराची हा जो भेद त्यानं पक्का केला, तो जर्मन चेरी-बाजारात आजही जिवंत आहे.

आता एका जातीच्या आयुष्याकडे वळू. हाले शहरात ब्यूटनर नावाचे गृहस्थ होते. तेही चेरीवेडे. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी बीपासून वाढवलेलं एक झाड दुरंगी, टणक, सुंदर फळं देऊ लागलं. ‘ब्यूटनरची लाल टणक चेरी’ आजही जर्मनीत लावली जाते. दोनशेहून जास्त वर्षं! पण गोड चेरीचं झाड सहसा इतकी वर्षं जगत नाही. मग? कलम! मूळ झाडाची काडी दुसऱ्या खुंटावर, त्या झाडाची काडी तिसऱ्यावर. आज जिथे जिथे ब्यूटनरची चेरी उभी आहे, तिथे तिथे तेच एक झाड उभं आहे, फक्त पाय दुसऱ्याचे. आपला हापूस असाच. रायवळ आंबा कोयीतून वाटेल तसा उगवतो, पण हापूस हापूसच राहतो तो कलमामुळे, आणि आंब्याच्या कलमांची ही परंपरा गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात बहरली.

कलमाचा वेग किती? एका झाडावरून दहाच काड्या घ्या आणि नवं झाड काड्या देण्याजोगं व्हायला दोन वर्षं धरा. दोन वर्षांनी दहा झाडं. चार वर्षांनी शंभर. सहा वर्षांनी हजार. आठ वर्षांनी दहा हजार. दहा वर्षांनी लाख. बारा वर्षांनी दहा लाख. चौदा वर्षांनी कोटी. सोळा वर्षांनी दहा कोटी! बाळ जन्मलं तेव्हा एक झाड होतं आणि ते दहावी पास होईपर्यंत दहा कोटी. एका झाडाला पन्नास चौरस मीटर जागा दिली तर हे वन पाच हजार चौरस किलोमीटर पसरेल. अख्खा गोवा 3,702 चौरस किलोमीटरचा. गोवा भरून वर सीमेबाहेर सांडणारी झाडं, आणि सगळी मिळून एकच झाड!

हे झालं कागदावरचं. आता प्रत्यक्ष जग बघू. आज जगात वर्षाला सुमारे 27 लाख टन गोड चेरी पिकते. त्यातली जवळपास पाव एकट्या तुर्कस्तानात. 27 लाख टन! मालगाडीत भरू. एका गाडीत साडेतीन हजार टन धरा. गाड्या लागतील 770. एकेक गाडी साडेसहाशे मीटर लांब. एकामागे एक उभ्या केल्या तर पाचशे किलोमीटर. मुंबई-पुणे रस्ता तीनदा घातला तरी शेपूट बाहेरच!

ठेचून विहिरीत टाकू. विहीर चांगली मोठी, सहा मीटर व्यासाची आणि दहा मीटर खोल. एक भरली, शंभर भरल्या, हजार भरल्या. साडेनऊ हजार विहिरी भरतात!

रुपयांत मोजू. किलोला चारशे रुपये धरले तर होतात 1 लाख 8 हजार कोटी रुपये. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मूळ अंदाजित खर्च किती होता? 1 लाख 8 हजार कोटी! एका वर्षाची चेरी विकली की एक बुलेट ट्रेन.

एकेक करून मोजू. आजची चेरी मोठी, आठ ग्रॅमची. म्हणजे वर्षाला जवळपास 34 हजार कोटी चेरी. भारतातल्या 140 कोटी माणसांत वाटल्या तर तान्ह्या बाळापासून पणजीपर्यंत प्रत्येकाच्या हातावर 240 चेरी! आणि एकेक 2.2 सेंटिमीटर रुंद धरून ओळीनं मांडल्या तर? 74 लाख किलोमीटर. मुंबई-पुणे 49 हजार वेळा. जमिनीवर मावेना, म्हणून वर उचला. चंद्र 3 लाख 84 हजार किलोमीटरवर. चेरीची ओळ चंद्रावर पोचते, परत येते, पुन्हा जाते, पुन्हा येते. नऊ वेळा जाऊन-येऊन दहाव्यांदा चंद्रावर जाऊन थांबते. एका हंगामात!

आणि तरीही हा सगळा चेरीचा लहान आकडा आहे. मोठा आकडा बीमध्ये आहे.

गोड चेरीच्या पेशीत गुणसूत्रांच्या आठ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एकेकच घेतलं तरी सुमारे 35 कोटी अक्षरांचा मजकूर. सेकंदाला एक अक्षर या वेगानं, न झोपता, न जेवता वाचत बसलात तर पूर्ण व्हायला अकरा वर्षं लागतील! आता बी तयार होताना आई आपल्या प्रत्येक जोडीतलं एकेक गुणसूत्र पाठवते. हे किंवा ते. आठ जोड्या, प्रत्येकी दोन पर्याय, झाले 256. बापाकडूनही 256. दोन्ही गुणले की 65,536. म्हणजे दोनच झाडांच्या संकरातून साडेपासष्ट हजार वेगवेगळ्या चेरी! पन्नास चौरस मीटरला एक झाड लावलं तर 810 एकर. दोन झाडांची लेकरं, आणि जमीन हवी आठशे दहा एकर!

आंबट चेरीची गुणसूत्रं दुप्पट, बत्तीस. तिथे आईकडून 65,536 आणि बापाकडून 65,536. गुणाकार 429 कोटींच्या वर! भारताच्या लोकसंख्येच्या तिप्पट. एकेक झाड लावायला 2 लाख 15 हजार चौरस किलोमीटर लागतील. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ 3 लाख 8 हजार. म्हणजे कोकण, घाट, खानदेश, मराठवाडा, विदर्भ, सगळं घेऊन दहातले सात भाग नुसती चेरी. आणि तीही एकाच जोडप्याची!

आता गोड चेरीकडे परत या आणि एकच पिढी पुढे जा. त्या 65,536 लेकरांतून जोड्या लावा. सगळ्या जोड्या जुळतात असं धरू. जोड्या होतात 214 कोटी. प्रत्येक जोडीची पुन्हा 65,536 शक्य लेकरं. सारखी निघालेलीही वेगळी मोजली तर एकूण नातवंडं 14 लाख कोटींच्या दहापट, म्हणजे आपल्या जुन्या मोजणीत चौदा नील! एक झाड, पन्नास चौरस मीटर. लागणारी जमीन 704 कोटी चौरस किलोमीटर. पृथ्वीवरची सगळी जमीन, हिमालय, सहारा, अंटार्क्टिका धरून, किती आहे? 14.9 कोटी चौरस किलोमीटर. भागाकार करा. 47! दोन झाडांची नातवंडं लावायला 47 पृथ्व्यांची जमीन! आणि हे गुणसूत्रं अखंड जातात असं मानून. प्रत्यक्षात जोडीतली दोन गुणसूत्रं एकमेकांशी तुकडे अदलाबदल करतात, आणि मग 47 हा आकडाही फार मागे पडतो.

ट्रुखसेसला गुणसूत्रं ठाऊक नव्हती. ती माणसाला दिसली तीच त्याच्यानंतर अनेक वर्षांनी. पण बीपासून लावलेली चेरी आपल्या मनानं वेगळी निघते आणि कलम केलेली मात्र नेमकी तीच निघते, ही दोन सत्यं त्याच्या काळच्या प्रत्येक फळवेड्याला माहीत होती. निसर्ग समोर अमर्याद ओतत होता आणि या माणसाच्या हाती होते अठराशे दिवस. म्हणून त्यानं सगळी चेरी मोजायचा ध्यास धरलाच नाही. चांगली दिसली ती निवडली, तिची काडी जपली, तिचं वर्णन असं लिहिलं की दुसऱ्या गावचा माणूस फळ हातात घेऊन म्हणेल, हीच ती. शास्त्र म्हणतात ते हेच. अनंतातून थोडं वेचायचं आणि ते पक्कं करायचं.

त्यानं पक्कं केलेल्या त्या दोनशे जातींना एकेक झाड लावून जागा किती लागेल? दोनशे गुणिले पन्नास चौरस मीटर. दहा हजार चौरस मीटर. बरोबर एक हेक्टर! एकीकडे सत्तेचाळीस पृथ्व्या, दुसरीकडे अडीच एकर, आणि दोन शतकं लोक चेरी ओळखत आले ते त्या अडीच एकरांच्या जोरावर!